या कादंबरीत होडी नाही

कुंदा रणपिसे कुणाला ‘तुम्ही’ म्हणायला लागली की आमच्या ऑफिसात सगळ्यांना त्या माणसाची दया यायची. एरवी ती झाडून सगळ्यांना अरेतुरे करायची. शिपाई, चहावाला, ऑडिटला आलेला पाहुणा, कुणीही असो, ‘ए, ऐक ना रे’. साहेबांनाही, त्यांना आवडो न आवडो. तिचा जीव होता माणसांत, तो असा बाहेर यायचा. पण कुणी तिला लागेल असं बोललं की तिचा आवाज खाली यायचा आणि ती म्हणायची, “आपण बसा ना. आपलं काय म्हणणं आहे?” मग समजायचं, ह्याची वाट लागली. आज नाही लागली तर पुढच्या वर्षी लागेल, पण लागेल.

अंधेरीला विमा कंपनीच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारी होती. मी राणे, ती मला राणेच म्हणायची, लग्नानंतर बदललेलं आडनाव तिने कधी मानलंच नाही. ती मूळची बुलढाण्याकडची, वाढली घाटकोपरला, आणि पुढे दिंडोशीच्या वसाहतीत एकटी राहायची. ठेंगणी, अंबाड्यात पेन खोचलेलं. ते पेन ती नोटीस बोर्डावरच्या चुका दुरुस्त करायला वापरायची. समोर येईल ते वाचायची, भेळेचा कागद, औषधाच्या बाटलीचं लेबल, लिफ्टमधली सूचना. कुणी काही तक्रार घेऊन आलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, “आधी वाचलंस का?” आणि कुणी म्हणालं, अगं कुंदा, जाऊ दे ना, विसरून जा, तर म्हणायची, “विसरणं माझ्या तब्येतीला सोसत नाही.”

तिची खुन्नस कशी असायची ते सांगते. आमचे एक साहेब होते. जेवणाच्या सुट्टीत कुंदा डबा बाजूला सारून लिहीत बसायची, ते त्यांनी एकदा पाहिलं. कादंबरी लिहितेय म्हटल्यावर हसले आणि म्हणाले, “अरे वा, तुमच्यात एवढं वाचतात-लिहितात?” ह्या ‘तुमच्यात’चा अर्थ त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळला. माझा तर घास तोंडातच राहिला. कुंदा म्हणाली, “हो सर, वाचतो आम्ही. आपण जेवलात का?”

आम्ही धसकलो, पण झालं काहीच नाही. आठवडे गेले, महिने गेले. मग एक दिवस मुख्य कार्यालयातून साहेबांना बोलावणं आलं. साहेब मराठी पत्रं एका बोटाने टाइप करायचे आणि मोबाइल सुचवेल तो शब्द घ्यायचे. आजवर त्यांचं प्रत्येक पत्र जाण्याआधी कुंदा गुपचूप नीट करायची, हे त्यांना माहीतही नव्हतं. ह्या खेपेला साहेबांची वरिष्ठांना ‘नग्न विनंती’ गेली. नम्रचं नग्न झालं होतं. त्यानंतर कुठल्याही मीटिंगमध्ये साहेब काही मागायला उठले की मागे कुणीतरी खोकायचं. मी कुंदाला कोपऱ्यात गाठून विचारलं, तू केलंस ना? ती म्हणाली, “मी काय करणार गं? मी फक्त वाचलं नाही.”

तर अशा बाईच्या कादंबरीवर सिनेमा निघाला.

कादंबरी होती ‘भाड्याची खोली’. मढला शूटिंगसाठी भाड्याने देतात तसला एक बंगला, तिथे एका ज्युनियर आर्टिस्ट मुलीचा खून होतो. बंगल्याची राखण करणारं जोडपं नुकतंच गावाकडून आलेलं. पोलीस राखणदाराच्या बायकोला विचारतात, ती मुलगी कुठल्या खोलीत उतरली होती? ती सांगते, “खोली खाली होती.” मुलुंडला वाढलेला इन्स्पेक्टर ऐकतो की खोली रिकामी होती. मुंबईत आपण म्हणतोच ना, खोली खाली कर, खोली खाली आहे का. तो रिकाम्या खोल्या धुंडाळत बसतो. वाचणाराही त्याच्या मागे धुंडाळत बसतो. आणि पुस्तक बरंच पुढे गेल्यावर लक्षात येतं की त्या बाईने सरळ सांगितलं होतं, खोली खालच्या बाजूला होती. जोत्याच्या पोटात, समुद्राकडे दार असलेली. ती खरंच बोलली होती, ह्यांनी आपल्या कानाने ऐकलं.

कुंदाने मला हे प्रकरण डबा खाताना वाचून दाखवलं होतं, आणि मी साफ फसले होते. मागची पानं ओढून घेऊन पुन्हा वाचली, तेव्हा ती अशी खूष झाली की तिच्या डब्यातला ठेचा सगळा मला दिला. मग म्हणाली, “हे माझ्या आईचं आहे.” तिची आई बुलढाण्याहून पहिल्यांदा मुंबईत आली, कडेवर कुंदा, डोक्यावर ट्रंक. चाळीत वरच्या मजल्यावर कुणीतरी सांगितलं, खोली खाली है. बाई ट्रंक घेऊन जिना उतरली आणि तळमजल्यावर दारोदार विचारत फिरली, खाली खोली आहे म्हणे, कुठाय? लोक हसले. ती वर येईपर्यंत खोली दुसऱ्याने घेतली होती. “आई मरेपर्यंत ते हसणं विसरली नाही,” कुंदा म्हणाली. “मी त्याच शब्दावर सगळ्या मुंबईला फसवलं. बघू आता कोण हसतंय.” पुस्तक तिने आईलाच अर्पण केलं होतं.

पुस्तक एका छोट्या प्रकाशकाने काढलं, बरं खपलं आणि संपलं. स्वतःच्या प्रतीही कुंदाने वाटून टाकल्या, तिच्याकडे एकच उरली. मग कुठून तरी वर्सोव्याच्या एका दिग्दर्शकाच्या हाती त्याचा दोन पानी सारांश पडला. कुंदाच्या सोबतीला म्हणून मी तिथे गेले होते. ऑफिसात सगळीकडे मंद दिवे, भिंती काळ्या. तो मुलगा कुंदाला आंटी म्हणत होता. कुंदाने त्याला एकच गोष्ट सांगितली, तू हिंदीत कर, काहीही कर, पण राखणदाराच्या बायकोचं ते एक वाक्य मराठीत ठेव. तो म्हणाला, “डेफिनेटली आंटी, वो तो सोल है.” कुंदा घरी येईपर्यंत आनंदात होती. प्रकाशकही खूष, सिनेमाबरोबर दुसरी आवृत्ती काढू म्हणाला, आणि तिची नवी कादंबरीही घेतो म्हणाला.

सिनेमा आम्ही गोरेगावला पाहिला. त्याचं नाव मी घेत नाही, कुंदा त्याला ‘तो प्रकार’ म्हणायची. मुंबईच्या उकाड्यात इन्स्पेक्टर लांब काळा कोट घालून फिरतोय. दर दोन मिनिटांनी सिगारेट, निळा उजेड, आणि खिडकीच्या पट्ट्यांची सावली तोंडावर. खुनीसुद्धा बदललेला, कारण मोठ्या नटाला वाईट माणूस व्हायचं नव्हतं. आणि ती राखणदाराची बायको हात जोडून स्वच्छ हिंदीत म्हणते, “साहब, कमरा खाली था.” संपलं. हिंदीत त्याचा एकच अर्थ. पुढे शेवटी इन्स्पेक्टर आरशात बराच वेळ बघतो, कुणास ठाऊक काय दिसतं, आणि एकदम “नीचे!” म्हणून धावत सुटतो. आमच्या मागचा पोरगा म्हणाला, “इसको कैसे पता चला?” कुंदा वळून म्हणाली, “किताब में है भाई.” मी तिचा हात धरला तर गार पडला होता.

पण दुसऱ्या दिवसापासून परीक्षणं यायला लागली आणि कुंदाची तब्येत सुधारली. सगळ्यांनी त्या प्रकाराची चामडी सोलली होती. कुणी लिहिलं, अंधार दाखवला की गूढ होत नाही, नुसतं दिसत नाही. कुणी लिहिलं, त्या कोटाला वेगळा पुरस्कार द्या. कुंदा जेवणाच्या सुट्टीत उभी राहून ही परीक्षणं मोठ्याने वाचायची, आम्ही टेबलं वाजवायचो. एकाने दीड तारा दिला होता तर म्हणाली, “अर्धा कशाला वाया घालवला रे?” तिने सगळ्यांना पेढे दिले. माणसाने स्वतःच्या गोष्टीवरचा सिनेमा पडल्याचे पेढे वाटलेले मी पहिल्यांदाच पाहिले. मलाही तो पेढा झकास लागला, खोटं कशाला बोलू.

मग त्या एकाचं आलं. त्याचं नाव नको, आपण त्याला साक्षेपी म्हणू, कारण त्याच्या चॅनेलवर नावाखाली ‘साक्षेपी समीक्षक’ असं त्याने स्वतःच लिहिलेलं असायचं. मराठीत त्याचा बराच दबदबा. त्याने म्हटलं होतं की सगळे दिग्दर्शकावर तुटून पडले आहेत, हा अन्याय आहे. ‘मी मूळ कादंबरी वाचली आहे. गाठ तिथेच सैल आहे. खोलीचा उलगडा कादंबरीतही असाच आकाशातून पडतो. लेखिकेला मुंबईची भाषाच कळलेली नाही.’

हे वाचताना कुंदाचा आवाज खाली येत गेला. तिने मोबाइल पालथा ठेवला, उरलेली भाकरी शांतपणे संपवली, डबा धुऊन आणला. मग मला म्हणाली, “हे महोदय व्याख्यानंबिख्यानं देतात का गं कुठे?” महोदय ऐकलं आणि मी समजले, ह्याची वाट लागली.

त्याच आठवड्यात प्रकाशकाचा फोन आला. “कुंदाताई, जरा थांबू या. वाचलेलाच माणूस म्हणतोय की मुळात घोळ आहे, तर दुसरी आवृत्ती कुणाच्या भरवशावर काढू? नव्या कादंबरीचंही नंतर बघू.” कुंदा त्याच्याशी भांडली नाही. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली आणि तिचे डोळे भरून आले होते. “राणे, पुस्तक बाजारात नाही. आता लोकांना माझं पुस्तक म्हणजे ह्या माणसाचं वाक्य. माझी आई पुन्हा एकदा खोटी पडली बघ.” मला इतका राग आला होता त्या साक्षेपीचा की समोर असता तर मालवणीत असं काही ऐकवलं असतं की जन्मभर लक्षात राहिलं असतं. पण कुंदाचा राग माझ्यासारखा भांड्यातून उतू जाणारा नव्हता. तो मंद आचेवर शिजायचा.

गोरेगावच्या एका ग्रंथालयात साक्षेपीचं व्याख्यान लागलं, ‘साहित्यकृती आणि सिनेमा’. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. पुस्तकाच्या मागच्या बाजूला कुंदाचा चांगला मोठा फोटो होता, आणि ह्या माणसाने दोनदा तिच्याकडे बघून हसूनही तिला ओळखलं नाही. तिथेच मला कळलं की ह्याने पुस्तक हातातही धरलेलं नाही. व्याख्यानात ‘भाड्याची खोली’चा उद्धार झालाच. त्याचाच एक पोऱ्या सगळं चॅनेलसाठी रेकॉर्ड करत होता. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि कुंदा उठली.

“सर, नमस्कार. मी दिंडोशीहून आलेय. आपण ती कादंबरी इतकी बारकाईने वाचलीत, म्हणून विचारते. ते होडीचं प्रकरण आपल्याला कसं वाटलं?”

कादंबरीत होडी नाही. मढ आहे, समुद्र आहे, पण होडी नाही. मी पदर तोंडाशी धरला.

साक्षेपीने मान हलवली. “चांगला प्रश्न. होडीचं प्रकरण फार लांबलंय. तिथे कथानक पाण्यातच राहतं.” लोक हसले.

“आणि तो जुळा भाऊ, सर?”

“जुळा भाऊ ही लेखिकेची हतबलता आहे. रहस्य सुटेना की जुळा भाऊ आणायचा, ही जुनीच सवय आहे आपल्याकडे.”

जुळा सोडा, त्या पुस्तकात कुणाला साधा भाऊ नाही. मला वाटलं, आता ही नाव सांगणार, आता ह्याची उतरवणार. कुंदा म्हणाली, “धन्यवाद सर. आपला फार उपयोग झाला,” आणि खाली बसली. बाहेर आल्यावर मी तिच्यावर उखडलेच. अगं बये, हातात आलेला सोडलास? ती पेन अंबाड्यात नीट खोचत म्हणाली, “त्याला स्वतःच्या हाताने टाकू दे ना चॅनेलवर. आपण कशाला मेहनत घ्यायची?”

आणि त्याने टाकलं. वर शीर्षक दिलं, ‘वाचकांचे थेट प्रश्न, थेट उत्तरं’. कुंदाने त्याच्याखाली एवढंच लिहिलं, “या कादंबरीत होडी नाही. जुळा भाऊही नाही. कुंदा रणपिसे, लेखिका.” संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ आमच्या ऑफिसातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर दुसऱ्याच कुणाकडून तरी आला होता. त्याने तो काढून टाकला तेव्हा फार उशीर झाला होता. कुठल्याही परीक्षणाखाली लोक त्याला विचारायचे, सर, ह्यात होडी आहे का?

प्रकाशकाचा फोन आला, ह्यावेळी आवाजात साखर. कुंदाने दुसऱ्या आवृत्तीला होकार दिला, पण अट घातली. मागच्या बाजूला माझा फोटो नको, मजकूर मी सांगेन तो. वर साक्षेपीचं वाक्य, त्याच्या नावासकट, ‘होडीचं प्रकरण फार लांबलंय.’ आणि खाली, ‘या कादंबरीत होडी नाही.’ प्रकाशक आधी घाबरला, मग हसायला लागला, आणि छापायच्या आधीच त्याने ते मुखपृष्ठ-मलपृष्ठ सगळीकडे जाहीर करून टाकलं.

एका रविवारी दुपारी मी दिंडोशीला तिच्याकडे प्रुफं तपासायला बसले होते. बेल वाजली. दारात साक्षेपी, हातात मिठाईचा डबा. चॅनेलवर दिसतो त्यापेक्षा बराच लहान दिसत होता. कुंदा म्हणाली, “या, आपण बसा.”

तो खुर्चीच्या टोकावर बसला. म्हणाला, “मॅडम, चूक झाली. घाईत होतं ते. पण छापील पुस्तकावर ते वाक्य आलं की ते कायमचं राहील हो. माझी कामं जातायत. तेवढं काढा. मी सविस्तर लेख लिहितो, चांगला लिहितो.”

“वाचलंत?” कुंदाने विचारलं.

“आता वाचणारच आहे.”

कुंदाने कपाटातून तिची ती एकुलती प्रत आणून त्याच्या मांडीवर ठेवली. “वाचा.”

“हो, घरी नेऊन निवांत—”

“इथे,” कुंदा म्हणाली.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी प्रुफात डोकं घातलं. माझ्याकडून त्याला काय मदत मिळणार होती? तो वाचायला लागला, म्हणजे पानं उलटायला लागला. कुंदा समोर बसलेली, त्याच्या बोटांवर नजर. थोड्या वेळाने म्हणाली, “दोन पानं एकदम गेली आपली.” त्याने निमूट मागचं पान घेतलं. चहा झाला. त्याचा मोबाइल दोनदा वाजला, तिसऱ्यांदा त्याने तो बंद करून खिशात टाकला. हळूहळू तो खुर्चीत मागे टेकला, चपलेतून पाय काढले, आणि कुंदाने न सांगता एकेक पान नीट उलटायला लागला. मिठाईचा डबा तसाच स्टुलावर पडून होता, कुणीच उघडला नाही.

ऊन खिडकीतून सरकलं होतं. एकदम त्याचा हात थांबला. त्याने बोट त्या पानात घातलं आणि मागे गेला. आणखी मागे. राखणदाराच्या बायकोची जबानी त्याने शोधून काढली, ओठ हलवत वाचली, पुन्हा पुढे आला. मी कुंदाकडे बघितलं. मी फसले होते त्या दिवशी तिचा चेहरा जसा खुलला होता, तसा आता होतोय की काय असं मला वाटलं, पण तिने तो होऊ दिला नाही.

“खोली खाली,” तो स्वतःशीच म्हणाला. मग मान वर करून खरोखरच्या आश्चर्याने त्याने विचारलं, “मॅडम, पण हे सिनेमात का नाही घेतलं?”

“हा प्रश्न तुम्ही तेव्हा विचारायचा होता,” कुंदा म्हणाली.

त्याने बोट पानात तसंच ठेवून पुस्तक मिटलं. मान खाली घालून बसला. मग अगदी हळू विचारलं, “आणि ते मागचं वाक्य?”

“ते राहणार.”

मला वाटलं, आता उठेल. एवढा वेळ घालवून हाती काही लागलं नव्हतं, आणि लागणार नव्हतं हे आता त्यालाही कळलं होतं. मी त्याला वाट द्यायला पाय आवरून घेतले. तो दाराकडे बघत राहिला, चपला चाचपल्या. मग त्याने पुस्तक पुन्हा उघडलं. बोट अजून त्या पानातच होतं. सिनेमातला खुनी वेगळा होता, आणि खरा कोण ते त्याला माहीत नव्हतं.

मला घरी जायचं होतं, मी निघाले. पुढे पुस्तक निघालं, त्या वाक्यासकट निघालं, आणि आता कुंदा जाऊन वर्ष होत आलं तरी ते खपतंय. नवी कादंबरीही तिने हातात घेऊन पाहिली. पण मला कुंदा आठवते ती त्या संध्याकाळची. दार ओढताना मी मागे वळून पाहिलं, तर घरात काळोख झाला होता आणि तो पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन वाचत होता. कुंदा उठली, त्याच्या डोक्यावरचा दिवा लावला, आणि त्याला काही न बोलता परत समोर येऊन बसली.